तिम्मण्णा हेगड्यांची साक्ष

तिम्मण्णा हेगड्यांच्या शब्दाला शिरसीच्या आसपासच्या सात-आठ गावांत वजन होतं. बागेच्या बांधाचं भांडण असो की पाटाच्या पाण्याचं, दोन्ही बाजूचे लोक म्हणायचे, "हेगडे मास्तर सांगतील ते खरं." तीस वर्षं शाळेत शिकवलं, मग पोफळीची बाग सांभाळली, देवळाच्या समितीवर बसले, पण शब्द कधी फिरवला नाही. आणि अशा माणसानं सदुसष्टाव्या वर्षी धडधडीत खोटं बोलायचं ठरवलं ते कुठं, तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात. कुणाबद्दल, तर पोटच्या पोराबद्दल. आणि कुणासमोर, तर त्याच पोरासमोर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आणखी काय असतं?

पोरगा म्हणजे शेषगिरी. वय अडतीस. घरात शेषू, वखारीत शेषण्णा. लहानपणी गाव त्याला खुळा म्हणायचं, मास्तरांचा मुलगा म्हणून तोंडावर म्हणत नसे एवढंच. पुढे हुबळीच्या एका डॉक्टरनं ऑटिझम हा शब्द सांगितला. शब्द मिळाला म्हणून काही दिवस पालटले नाहीत. दिवस पालटले ते उपेंद्र शानभागांच्या वखारीमुळं.

शानभागांची वखार सुपारीची. उन्हात वाळवून सोललेली पांढरी सुपारी, म्हणजे चाली, गोण्या भरभरून यायची आणि पंधरा-वीस बायका जमिनीवर सूप घेऊन तिची निवड करायच्या. अव्वल इकडे, मध्यम तिकडे, किडकी मागं. त्या बायकांत शेषू एकटा पुरुष. मागच्या भिंतीला पाठ लावून, बायकांची कलकल सोसत नाही म्हणून कानात कापूस घालून, अकरा वर्षं तो एकाच जागी बसत होता. सुपारी तळहातावर घ्यायचा, अंगठ्यानं एकदा फिरवायचा आणि बरोबर त्या ढिगात टाकायचा. वरून गोजिरी दिसणारी, आतून गेलेली सुपारी भल्याभल्यांना चकवते. शेषूला नाही.

"शेषण्णा, तुझ्या बोटांना डोळे आहेत रे!" नागवेणी त्याला चिडवायची. "लग्न कर माझ्याशी, दोन बोटं मला दे."

"माझं लग्न झालेलं नाही, पण तुझं झालंय, नागवेणी," शेषू गंभीरपणे सांगायचा. "तुझा नवरा शनिवारी तुला न्यायला येतो." आणि सगळी वखार खो खो हसायची. आपण काय विनोद केला ते शेषूला कळायचं नाही, पण हसणं वाईट नाही एवढं कळायचं.

शनिवारी मजुरी मिळाली की तो निम्मी आयीच्या हातावर ठेवायचा. उरलेल्यात बसचा पास, साबण, केस कापणं आणि दर महिन्याला कापसाचं एक पुडकं. "माझं मी करतो," असं तो कुणीही काहीही विचारलं तरी सांगायचा. जेवलास का? माझं मी करतो. आयुष्यात मिरवावं असं त्याच्याजवळ तेवढं एकच वाक्य होतं.

मग तिम्मण्णांना अवदसा का आठवली? तर भीती. शानभागांचा मुलगा निवड करणारं यंत्र आणायचं म्हणत होता. धाकटा रवींद्र बेंगळुरूला, तो फोनवर म्हणाला होता, "अप्पय्या, पैसे पाठवीन, पण शेषूला ठेवून घेणं नाही जमायचं. आमच्या दोन खोल्या." आपण गेल्यावर हा पोरगा काय खाणार, या प्रश्नानं म्हातारा आतून पोखरला होता. तेवढ्यात पंचायतीतला ईश्वर नायक म्हणाला, "मास्तर, अपंगांना सरकारी पेन्शन आहे ना! दवाखान्यातल्या बोर्डापुढे न्या, कार्ड काढा. फक्त तिथं तुमची मास्तरकी दाखवू नका. वाईटातलं वाईट सांगा. खरं सांगितलंत तर म्हणतील चाललंय की बरं, जा घरी."

"म्हणजे खोटं बोलू?"

"अहो, खोटं कसलं? वाढवून सांगायचं. सगळेच सांगतात."

बोर्ड बुधवारी बसायचा. घाट उतरून दोघं गेले. टेबलापलीकडे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, डोळ्यांखाली काळं, समोर कागदांचा ढीग. तिम्मण्णांच्या शेजारी शेषू, स्वतः घडी मोडलेला सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, नजर पंख्यावर.

"आंघोळ स्वतः करतो?"

"मी घालतो."

"कपडे?"

"आम्हीच चढवतो."

"जेवण?"

"भरवावं लागतं."

"काही काम वगैरे?"

इथं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण खोट्याला एकदा तोंड फुटलं की ते आवरत नाही. तिम्मण्णांचा गळा खरोखरच दाटून आला आणि ते म्हणाले, "कसलं काम, बाई! चांगली आणि किडकी सुपारी हातात दिली, तर त्यातला फरक कळत नाही हो याला. जन्मात कळणार नाही."

बाईंनी लिहून घेतलं. कार्ड महिन्याभरात पोस्टानं येईल म्हणाल्या. बाहेर आल्यावर तिम्मण्णांना खरं सांगायचं तर हलकं वाटलं. एक काम मार्गी लागलं. त्यांनी शेषूला शहाळं घेऊन दिलं. त्यानं ते हातात धरलं, पण प्यायला नाही. उन्हानं तहान मेली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषू न्हाणीत गेला आणि बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. तिम्मण्णा बघायला गेले. शेषू पंचा लावून नुसता उभा. हंड्यातून वाफा निघत होत्या.

"शेषू, पाणी निवतंय."

"तुम्ही घालता, अप्पय्या."

"काय घालतो?"

"आंघोळ. मला करता येत नाही."

तिम्मण्णांना वाटलं पोरगा रुसून टोमणा मारतोय. पण टोमणा मारायला माणसाच्या मनात एक आणि ओठांवर एक असावं लागतं. शेषूकडे तेवढी सोयच नव्हती.

"अरे, कालपर्यंत करत होतास ना?"

"करत होतो. पण ती बरोबर होत नसेल. तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं."

तिम्मण्णांनी तांब्या उचलला. दुसरं करण्यासारखं त्यांना त्या घडीला काही सुचलं नाही. अडतीस वर्षांच्या पोराच्या पाठीवर पाणी ओतताना त्यांना दिसलं की त्याच्या मानेवरचे केस पिकायला लागले आहेत.

न्याहारीला कावेरक्कांनी, म्हणजे शेषूच्या आयीनं, दोसा आणि काकवी वाढली. शेषू पानासमोर बसला, हात मांडीवर.

"खा की रे," कावेरक्का म्हणाल्या. "बसचं काय?"

"भरवावं लागतं."

"काय?"

मग शेषूनं सांगितलं. त्याची आठवण म्हणजे जसंच्या तसं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, अप्पय्या काय म्हणाले, कुठं थांबले, कुठं आवाज घोगरा झाला, सगळं. "कसलं काम, बाई," हे तर त्यानं असं म्हटलं की तिम्मण्णांना स्वयंपाकघरात दुसरा तिम्मण्णा बसलाय असं वाटलं. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याइतकी वाईट शिक्षा नाही. धरणी दुभंगती तर ते आत शिरले असते.

कावेरक्कांनी उलथनं खाली ठेवलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याला वर तोंड करून बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या.

"जिभेला काही हाड? त्याच्या बोटांवर तर तो जगतोय. नेमकी तीच छाटलीत?"

"मी त्याच्याचसाठी..."

"त्याच्यासाठी त्याला शेजारी बसवून म्हणालात? बाहेर तरी उभा करायचात! पण छे, याला कुठं कळतंय, असंच वाटलं ना? भरवा आता. मी भरवणार नाही. मी काही तसं म्हटलं नव्हतं."

तिम्मण्णांनी दोशाचा तुकडा मोडला. शेषूनं तोंड उघडलं.

बसच्या वेळेला मात्र तो नेहमीसारखा निघाला. कामावर जायचं नाही असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. दहाच्या सुमाराला शानभागांचा फोन आला. "मास्तर, जरा येऊन जा. तुमचा मुलगा सकाळपासून हात बांधून बसलाय. एक सुपारी उचलतो, बघतो आणि परत ठेवतो. आणि म्हणतो, मी अकरा वर्षांत निवडलेल्या गोण्या परत मागवा. कुठून मागवू? लोकांनी खाऊन थुंकली असेल ती सुपारी!"

तिम्मण्णा वखारीत पोचले तेव्हा बायका गप्प होत्या. शेषूच्या पुढ्यात न निवडलेला ढीग तसाच. हातात एक सुपारी. तो ती अंगठ्यानं फिरवत होता, पुन्हा फिरवत होता, थांबत होता. ज्या बोटांना कधी क्षण लागला नाही, ती आता चाचपडत होती.

"हा म्हणतो, याच्या वडिलांनी डॉक्टरला सांगितलं की याला फरक कळत नाही," शानभाग म्हणाले. "मी म्हटलं, हेगडे मास्तर असं कशाला म्हणतील? काय ऐकलं असेल ते. तुम्हीच सांगा आता याला, सगळ्यांसमोर."

सगळ्यांसमोर! पंधरा-वीस बायका सूप थांबवून बघत होत्या. त्यातल्या चौघी-पाचजणी तर तिम्मण्णांच्या शाळेत पाढे शिकलेल्या. खरं बोलायला हीच वेळ होती आणि एका वाक्याचं काम होतं.

"त्याला जरा बरं नाहीये," तिम्मण्णा म्हणाले. "नेतो घरी."

"मला बरं आहे," शेषू म्हणाला.

नागवेणीनं मास्तरांकडे बघितलं आणि मग पटकन सुपाकडे मान वळवली. तिला कळलं होतं. तिनं आपली लाज राखली, हे तिम्मण्णांनाही कळलं, आणि ते जास्तच लागलं.

घराच्या वाटेवर, पोफळीच्या सावलीत, त्यांनी पोराला थांबवलं. "शेषू, मी दवाखान्यात खोटं बोललो. तुला सगळं येतं. आंघोळ येते, जेवायला येतं, सुपारीतलं तर शानभागांपेक्षा तुला जास्त कळतं. ते सगळं खोटं होतं."

शेषूनं विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"कशावरून?"

आणि शेषूच पुढे म्हणाला, "वखारीतसुद्धा आत्ताच बोललात, मला बरं नाही म्हणून. ते खोटं होतं. ते मला माहीत आहे, कारण मला बरं होतं."

"मग मी काय करू, बाबा? तूच सांग."

"गोणीत खोटा माल निघाला की ती परत येते," शेषू म्हणाला. "शानभाग ती जिथं भरली तिथंच उघडतात. ज्यांनी भरली त्यांच्यासमोर. दुसरीकडे उघडलेली धरत नाहीत. तुम्ही डॉक्टरीणबाईंसमोर भरलीत."

बोर्ड पुन्हा बुधवारीच बसणार होता. तोवर रोज सकाळी तिम्मण्णांनी पोराला आंघोळ घातली, सदरा चढवला, दोन वेळा ताकातली तंबळी आणि भात भरवला. शेषू कुरकुरला नाही. शनिवारी मजुरी नव्हती, तर आयीच्या हातावर काही ठेवायला नाही म्हणून तो तिच्यासमोर येईना. ती स्वयंपाकघरात असली की हा ओसरीवर, ती ओसरीवर आली की हा गोठ्यात. पेन्शनीचा आकडा तिम्मण्णांनी मनात शंभरदा उगाळून बघितला. आता खरं सांगायचं म्हणजे तिच्यावर पाणी सोडायचं. सोडायचं तर सोडायचं, पण चारचौघांत 'मी खोटारडा' म्हणायचं ते कुठल्या तोंडानं?

बुधवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बरीच गर्दी होती. आया, बाप, कडेवर पोरं, चाकाच्या खुर्च्या. दार उघडंच होतं. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं.

"तुमचं झालंय ना, आजोबा?" बाईंनी विचारलं. "कार्डाला वेळ आहे अजून."

"बाई, मागच्या बुधवारी मी खोटं बोललो." तिम्मण्णा म्हणाले. मागं व्हरांड्यातल्या माना दाराकडे वळल्या.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. रागावल्या मात्र नाहीत. "इथं बहुतेक जण वाढवून सांगतात, आजोबा. मला कळतं. जा घरी."

म्हणजे इतका जीव जाळून केलेलं पापसुद्धा चार लोकांसारखंच! तिम्मण्णांना ते आणखी खजील करून गेलं. पण शेषू शेजारी उभा होता, आणि गोणी अजून उघडली नव्हती.

"नाही, बाई. ऐकून घ्या. हा आंघोळ स्वतः करतो. कपडे स्वतः करतो. स्वतःच्या हातानं जेवतो. अकरा वर्षं सुपारीच्या वखारीत कमावतो, आणि याच्यासारखी निवड अख्ख्या शिरसीत कुणाची नाही. याला फरक कळत नाही म्हणालो, तो मला कळत नव्हता. याला सगळं येतं."

"सगळं नाही," शेषू म्हणाला.

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. "काय येत नाही?"

"अनोळखी माणसाशी फोनवर बोलता येत नाही. बँकेत ते माझ्याशी भरभर बोलतात, मग मी निघून येतो. बस दुसऱ्या ठिकाणी लागली तर मी नेहमीच्याच जागी उभा राहतो. एकदा चार तास उभा होतो. कुणी मजुरी कमी दिली तर मला कळतं, पण भांडता येत नाही. दोनदा कमी दिली होती."

बाई लिहीत होत्या. तिम्मण्णा ऐकत होते. यातलं एकही त्यांनी मागच्या वेळी सांगितलं नव्हतं. लपवलं म्हणून नव्हे; त्यांना ठाऊकच नव्हतं. पोराची दुःखं रचायला बसले, आणि खरी कुठली ते कधी विचारलं नाही.

"हे सगळं पुन्हा बोर्डापुढे ठेवते," बाई म्हणाल्या. "अपंगत्वाचे टक्के कमी होतील. पेन्शन बसेलच असं नाही. चालेल?"

तिम्मण्णांनी सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. बाई शेषूकडे बघत होत्या.

"चालेल," शेषू म्हणाला. "माझं मी करतो."

बाहेर येताना दाराशी एक बाई उभी होती. तिच्या खांद्यावर वीस-बावीस वर्षांच्या मुलीनं मान टाकली होती. तोंडातून लाळ गळत होती. ती बाई दबक्या आवाजात म्हणाली, "तुमचं ठीक आहे, आजोबा. तुमचा मुलगा उभा राहून बोलतो. आता माझं खरंही डॉक्टरीणबाईंना खोटंच वाटेल." तिम्मण्णांनी तिला हात जोडले. त्यांच्याजवळ तिला द्यायला काही नव्हतं.

बसस्थानकाजवळच्या खाणावळीत इडल्या आल्या. तिम्मण्णांचा हात सवयीनं शेषूच्या ताटलीकडे गेला. शेषूनं ताटली अलीकडे ओढली आणि आपल्या हातानं खायला लागला. तिम्मण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी ते सांबाराच्या तिखटावर ढकललं. सुटलो, असं त्यांना वाटलं. एका आठवड्याची चूक होती, एका आठवड्यात निस्तरली.

शेषूनं हात धुतले, पुसले आणि समोर येऊन बसला. "अप्पय्या, आणखी कुठं कुठं सांगितलंत?"

"काय?"

"की मला कळत नाही."

'कुठंच नाही' हे शब्द तिम्मण्णांच्या ओठांवर आले होते. पण आज खोटं बोलायची त्यांची ताकद संपली होती. आणि मग एकेक दिसायला लागलं. रवींद्रच्या सोयरिकीच्या वेळी व्याह्यांना म्हणाले होते, त्याच्याकडे लक्ष देऊ नका हो, त्याला काही समजत नाही. बागेची वाटणी लिहिताना तलाठ्याला म्हणाले होते, त्याची सही कशाला, त्याला काय कळतंय. देवळात, लग्नांत, दवाखान्यांत. आणि दर वेळी शेषू तिथंच, हाताच्या अंतरावर.

"पुष्कळ ठिकाणी, शेषू," ते म्हणाले.

"सगळ्यात पहिल्यांदा?"

तिम्मण्णांनी मान खाली घातली. "शाळेत. माझ्याच शाळेत. हेडमास्तर म्हणाले, तुमच्या मुलाचं नाव घालू या पटावर. मी म्हटलं, नको. बाकी पोरं हसतील, माझी वर्गात काय किंमत राहील... म्हणजे मी तसं नाही म्हटलं. मी म्हटलं, त्याला काही कळत नाही, जागा फुकट जाईल. तू सहा वर्षांचा होतास. तुला आठवत नसेल."

"आठवतं. मी तुमचं धोतर धरून उभा होतो," शेषू म्हणाला. "मी ते खरं धरलं होतं."